मागच्या पानावरचा शिक्का

मनकर्णाबाईंना अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला त्याला तीन महिने उलटून गेले होते, आणि वर्ध्याच्या नालवाडीत आता कोणी त्याबद्दल विचारतही नव्हतं. जानेवारीत मात्र अर्धी गल्ली त्यांना पोचवायला वर्धा स्टेशनवर आली होती. मुंबईला फक्त परवाना मागायला जायचंय, विमानात बसायला नाही, हे दहादा सांगूनही कोणाला पटलं नव्हतं. कोणी नारळ दिला, कोणी तिळाचे लाडू दिले. चौथ्या दिवशी बाई परत आल्या तेव्हा शेजारच्या अनुसयाबाईंनी विचारलं, काही घ्यायचं राहिलं काय म्हणून.

बाईंचं वय त्रेपन्न. मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायच्या. नवरा लक्ष्मणराव तहसिलीत कारकून होता, त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लीना, बी.एस्सी. झालेली. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न नागपूरच्या केशव नावाच्या इंजिनियरशी झालं आणि ती क्लीव्हलंडला गेली. लग्नाच्या वेळी जावई पंधरा दिवस भारतात होते. बाईंची आणि त्यांची ओळख तेवढीच.

लीनाला दिवस गेल्याचं कळलं आणि बाळंतपणासाठी आईनं जायचं ठरलं. कागदपत्रांचं सगळं धाकटे दीर बाबाराव यांनी अंगावर घेतलं. ते आर्वीच्या एसटी डेपोत बाबू होते. कोणत्या साहेबाला कोणता कागद लागतो हे आपल्याला उपजतच कळतं, असा त्यांचा समज होता. नागपूरला त्यांनी एक एजंट गाठला. एजंटानं बजावलं, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. बाळंतपण म्हटलं की त्यांना वाटतं, बाई लेकरू सांभाळायला चालली, आता कायमची तिकडंच राहते. फिरायला चालले म्हणा, धबधबा पाहायला चालले म्हणा.

मुंबईत अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी साहेबानं दुभाष्यामार्फत सरळच विचारलं, तुमच्या मुलीला मूल होणार आहे का? बाई म्हणाल्या, नाही. साहेबानं फायलीतून केशवरावांचं निमंत्रणपत्र काढलं आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. बाईंना इंग्रजी बेताचंच यायचं, पण ‘मार्च’ हा शब्द, म्हणजे बाळंतपणाचा महिना, त्यांना वाचता आला. बाबारावांनी ते पत्र शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. साहेबानं पासपोर्टच्या अगदी मागच्या पानावर एक छोटा निळा शिक्का मारला आणि पासपोर्ट परत सरकवला. शिक्क्यात फक्त गावाचं नाव आणि तारीख होती. त्याचा अर्थ त्यांना रांगेतल्या एका गुजराती बाईनं सांगितला. हा शिक्का ज्याच्या पासपोर्टवर असतो त्याला आधी एकदा परत पाठवलेलं असतं, आणि पुढचा प्रत्येक साहेब पहिल्यांदा तेच पान उघडतो.

मार्चच्या अकरा तारखेला लीनाला मुलगी झाली. तार आली, पेढे वाटले. बाईंनी मनाची समजूत घातली, की आपल्यावाचून काही अडलं नाही.

मग एकवीस एप्रिलला केशवरावांचं पत्र आलं.

पत्र सतरा दिवसांपूर्वीचं होतं. आधी हवापाणी, मग बाळाचं वजन, आणि मग जावयांनी लिहिलं होतं, की लीना फार थकलेली असते. बाळ रडलं तरी उठत नाही. भिंतीकडे पाहत बसते. परवा म्हणाली, हे बाळ माझं नाही, कोणी तरी आणून ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, पहिलटकरणीला थकव्यानं असं होतं, विश्रांती द्या. तुम्ही येऊ शकला असतात तर बरं झालं असतं.

बाई ओसरीवर उभ्यानं वाचत होत्या. वाचता वाचता त्या खाली बसल्या. ‘कोणी तरी आणून ठेवलंय’ ही ओळ त्यांनी पुन्हा वाचली नाही. त्याची गरज नव्हती. ते शब्द त्यांनी एकोणचाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

आर्वीजवळच्या खेड्यात त्यांचं माहेर. थोरली बहीण धुरपता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मनकर्णा तेव्हा चौदा वर्षांची. बाळंतिणीच्या खोलीत शेक द्यायला, पाणी न्यायला तीच असायची. एक दिवस धुरपता तिला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “हे माह्यं लेकरू नोय, मनू. कोणी तरी आणून ठेवलं.” मनकर्णानं ते जाऊन आईला सांगितलं. आई, रुख्माबाई, चुलीपाशी होती. तिनं मुलीचं मनगट दुखेल इतकं घट्ट धरलं आणि म्हणाली, हे कोणाजवळ बोलायचं नाही. सासरचे ऐकतील तर येडी म्हणून टाकतील. मनकर्णा बोलली नाही. बाळ झाल्याच्या एकविसाव्या दिवशी सकाळी धुरपता मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला असं गावाला सांगितलं, सासरी सांगितलं, आणि मग घरातल्या घरातही तेच बोललं जाऊ लागलं. बाईंनी आपल्या नवऱ्याला सांगितलं तेही तेच, लीनाला सांगितलं तेही तेच.

पत्र हातात धरून बाईंनी दिवस मोजले. बाळ जन्मून एकेचाळीस दिवस झाले होते. काही व्हायचं असेल तर ते होऊनही गेलं असेल आणि त्याचं पत्र अजून वाटेवर असेल, हा विचार मनात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी तारघरात जाऊन अमेरिकेचा फोन बुक केला. दिवसभर लाकडी बाकावर बसून राहिल्या. लोक येत होते, मनीऑर्डरी करत होते, तारा करत होते. ऊन तापलं, पंखा गरम हवा फिरवत राहिला. संध्याकाळी सहाच्या सुमारास तारबाबूनं हाक मारली आणि रिसीव्हर हातात दिला. पलीकडे तेव्हा सकाळ होती. केशवरावांचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता आणि आपलंच बोलणं बाईंना दोनदा ऐकू येत होतं.

लीना कशी आहे, असं त्यांनी ओरडून विचारलं. ठीक आहे, झोपली आहे, जावई म्हणाले. मी आत्ता कामावर निघतोय.

काउंटरपाशी सहा-सात माणसं उभी होती आणि सगळ्यांचे कान इकडेच होते. त्यात शाळेतल्या दोन मुलींचे बापही होते. बाईंनी मोठ्यानं म्हटलं, “केशवराव, तिले एकटं नोका सोडू.”

“काय म्हणालात, आई?”

“एकटं नोका सोडू तिले.”

“हो, हो, काळजी करू नका. शेजारी चांगले आहेत.”

आणि बुक केलेली तीन मिनिटं संपली. ते समजले की नाही, हे बाईंना कळलंच नाही. का सोडायचं नाही ते काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. घरी येताना सायकलरिक्षात त्या स्वतःशीच तेवढं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि पुढचं वाक्य एकटीनं बसूनसुद्धा त्यांना म्हणता येत नव्हतं.

त्या दिवसापासून भीती घरात राहायलाच आली. नालवाडीत तारवाला सायकलवर यायचा. त्याची घंटी आणि दूधवाल्याची घंटी सारखीच वाजे. पहाटे दूधवाला आला की बाई अंथरुणात ताठ व्हायच्या. फाटक उघडून “दूध” अशी आरोळी येईपर्यंत तशाच पडून राहायच्या. शाळेत मुलींच्या कापडावर खडूनं रेघ मारताना हात थांबायचा. अनुसयाबाई विचारायच्या, नात कशी आहे, आणि त्या म्हणायच्या, छान आहे.

बाबारावांना त्यांनी आर्वीहून बोलावून घेतलं आणि सांगितलं, की मला पुन्हा अर्ज करायचा आहे, लगेच. लीनाची तब्येत बरी नाही, एवढंच सांगितलं. बाबारावांना जानेवारीतली गोष्ट डाचतच होती. त्यांनी एका दिवसात नागपूर गाठलं आणि तोच एजंट पुन्हा धरला. एजंट म्हणाला, शिक्का असलेला पासपोर्ट घेऊन गेलात तर उभंही करणार नाहीत, आणि मागे खोटं बोललेलं सापडलंय, तेव्हा कायमचं बंद करतील. यावर तोड एकच. पासपोर्ट हरवला म्हणून ठाण्यात लिहून द्यायचं, नवीन काढायचा, आणि फॉर्मवर ‘आधी नकार मिळाला आहे का’ इथं ‘नाही’ लिहायचं.

कायमचं बंद, हे शब्द बाईंनी ऐकले आणि त्या बाबारावांच्या मागे मुकाट्यानं ठाण्यात गेल्या.

हवालदार सज्जन होता. त्यानं दोघांना बाकावर बसवलं, पाणी मागवलं, कागद पुढे ओढला. पासपोर्ट कुठे हरवला, त्यानं विचारलं. बाबाराव म्हणाले, आर्वी-वर्धा गाडीत. कोणत्या तारखेला? बाबारावांनी तारीख सांगितली. किती वाजताची गाडी? तेही सांगितलं. हवालदार सावकाश, अक्षर लावून लिहीत होता. बाईंच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत, शाळेच्या दाखल्याखाली, पासपोर्ट होता. त्यांना वाटलं, त्याचा कडक कोपरा पिशवीतून बाहेर दिसतोय.

“कंडक्टर कोण होता?” हवालदारानं विचारलं. “त्याले बोलवावं लागन. गाडीतली वस्तू हाय.”

बाबारावांची जीभ अडली. डेपोतल्या प्रत्येक कंडक्टरची ड्यूटी त्यांच्याच हातानं लावलेली असायची. त्या दिवशी त्या गाडीवर चंद्रभान होता हे त्यांना माहीत होतं. चंद्रभानची नोकरी अजून कच्ची होती, हे बाईंनाही माहीत होतं. दिरांनीच कधी तरी घरी सांगितलं होतं.

“चंद्रभान...” बाबाराव हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी पिशवीत हात घातला. “साहेब,” त्या म्हणाल्या, “सापडला.” आणि पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

हवालदारानं आधी पासपोर्टकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग बराच वेळ बाबारावांकडे. लिहिलेला कागद त्यानं दोनदा फाडला आणि म्हणाला, घरी जा, बाई, आणि आता नीट सांभाळून ठेवा.

कोपऱ्यावर आल्यावर बाबाराव म्हणाले, “आता नाई देणार ते तुमाले. लिहून ठेवा, वहिनी.” आणि आर्वीची गाडी पकडून निघून गेले. बाईंना वाटलं, त्यांचं खरंच असेल. चंद्रभानला वाचवायला आपण आपली लेक घालवली असेल. ती रात्र आणि पुढच्या कितीतरी रात्री त्यांनी हेच मनात घोळवलं.

फॉर्म शाळेतल्या प्रमोदिनीबाईंनी भरून दिला. त्या इंग्रजी शिकवायच्या. सुट्टीत ओस पडलेल्या वर्गात दोघी एका बाकावर बसल्या. नाव, जन्मतारीख, नोकरी भरून झालं. नकाराच्या प्रश्नावर प्रमोदिनीबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, “होय लिहू?”

“होय लिहा.”

“कारण विचारलंय.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “लिहा,” त्या म्हणाल्या, “मुलाखतीत खरं सांगितलं नव्हतं.” प्रमोदिनीबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, पण लिहिलं. मुख्याध्यापिकेनं नोकरी कायम असल्याचा दाखला दिला, दिवाळीपर्यंतची रजा मंजूर केली. मधल्या दिवसांत केशवरावांचं आणखी एक पत्र आलं, पाच ओळींचं. लीना तशीच आहे. आता बोलत नाही फारशी. लीनाच्या हातचं एक अक्षरही नव्हतं.

मेच्या मध्यावर मुंबईची गाडी धरायला बाई स्टेशनवर गेल्या तेव्हा फलाटावर बाबाराव ट्रंक घेऊन उभे होते. त्यांनी दोन तिकिटं काढली होती. अकोल्यापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी डबा उघडला आणि एक पोळी बाईंच्या हातावर ठेवली.

मुंबईत दादरच्या धर्मशाळेत उतरले आणि सकाळीच वकिलातीपाशी जाऊन फुटपाथवर रांगेत उभे राहिले. समुद्र जवळच होता. अंगाला चिकट वारं लागत होतं. दारापाशी बाबारावांना अडवलं, ज्याचा अर्ज त्यालाच आत. बाबाराव एवढंच म्हणाले, “या वेळेस मी काहीच शिकवत नाई. तुमाले जे वाटते ते बोला.” आणि त्यांनी मान वळवली.

आत बाकांवर माणसं दाटीनं बसली होती. एकेकाचं नाव पुकारलं जायचं. समोरून परत येणाऱ्यांचे चेहरे पाहायचे नाहीत असं बाईंनी ठरवलं आणि प्रत्येकाचा पाहिला. एक म्हातारा सरदारजी रडत आला. त्याच्या मागून एक तरुण जोडपं हसू दाबत आलं. बाईंना दरदरून घाम सुटला होता. हातातल्या कागदांवर ओले ठसे उमटले होते. सांगायचं ते त्यांनी पाठ केलं होतं. नातीला पाहायला जायचंय, दिवाळीच्या आत परत येते, नोकरी आहे, घर आहे. यातलं एकही खोटं नव्हतं.

खिडकीत या वेळी एक बाई होती. चाळिशीच्या आतली, गोरी, हातातोंडावर तांबूस ठिपके असलेली. बाजूला दुभाषा, चष्मेवाले, वयस्क गृहस्थ. गोऱ्या बाईनं पासपोर्ट घेतला आणि सरळ मागचं पान उघडलं. मग जुनी फाईल काढून वाचू लागली. वाचायला तिला एक मिनिट लागलं असेल. त्या मिनिटात मनकर्णाबाईंना काउंटरची फळी धरावी लागली.

“मॅडम म्हणतात,” दुभाषी गृहस्थ म्हणाले, “मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं, की मुलीला मूल होणार नाही.”

“हो. मी खोटं बोलली होती.”

गृहस्थांनी विचारलं, “असंच सांगू?”

“असंच सांगा.”

त्यांनी सांगितलं. गोऱ्या बाईनं मान वर करून पाहिलं. आता कशासाठी जायचंय, तिनं विचारलं.

पाठ केलेलं वाक्य बाईंच्या ओठांवर आलं. नातीला पाहायला. ते खरंच होतं, आणि तेवढं बोलून भागलंही असतं कदाचित. पण त्याच क्षणी मनगटावर आईची बोटं आवळली गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्यांनी हात फळीवरून काढून घेतला.

“माह्या लेकीचं मन ठिकाणावर नाई,” त्या म्हणाल्या. “बाळ आपलं नोय म्हणते. कोणी आणून ठेवलं म्हणते. माही मोठी बहीण असंच म्हणे. एकविसाव्या दिवशी तिनं विहिरीत जीव देला. आमी पाय घसरला म्हणून सांगितलं. आजपावेतो तेच सांगतो.”

दुभाषी गृहस्थांनी इंग्रजीत सुरुवात केली आणि मध्येच अडले. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला, आणि हळू आवाजात उरलेलं सांगितलं. गोऱ्या बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“तुमच्या जावयांना हे माहीत आहे का, असं विचारतायत.”

“नाई.”

“मुलीला?”

“नाई. कोणालेच नाई. पहिल्यांदा तुमालेच सांगितलं.”

“परत कधी येणार?”

“शाळेनं दिवाळीपर्यंत रजा देली. त्याच्या आंत येतो.” मग बाई म्हणाल्या, “पण तिले सावरायले किती दिवस लागतील, ते मले माहीत नाई. माह्या बहिणीले कोणी दिवस देलेच नाई.”

गोरी बाई फाईल घेऊन उठली आणि आतल्या दारानं निघून गेली. दुभाष्यानं बाकाकडे बोट दाखवलं.

तो वेळ मनकर्णाबाईंच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. बोलून मोकळं झाल्यासारखं काही वाटलं नाही. आपण हे काय केलं? आपल्या तोंडानं आपल्या लेकीला येडी म्हणून आलो, तेही परक्या सरकारपाशी, जिच्या मुलुखात ती राहते. आता हे तिकडे कळवतील. तिला उचलून कुठे तरी कोंडतील, बाळ काढून घेतील. आईनं मनगट धरलं ते उगाच नव्हतं धरलं. बाईंना उठून खिडकीपाशी जावंसं वाटलं, म्हणावंसं वाटलं, की मी चुकले, पाय घसरला होता तिचा, पायच घसरला होता. त्या उठल्याही. पण खिडकीत अजून कोणी नव्हतं, आणि त्या पुन्हा बसल्या.

नाव पुकारलं गेलं. खिडकीत गोरी बाई परत आली होती. ती काही तरी बोलली, आणि या वेळी दुभाष्याकडे न पाहता मनकर्णाबाईंकडे पाहून बोलली.

“व्हिसा मंजूर आहे,” गृहस्थ म्हणाले. “चार वाजता पासपोर्ट घ्यायला या. पण मॅडम म्हणतात, तुम्ही पोचेपर्यंत थांबू नका. तिकडे याला इलाज आहे. हा आजार आहे, आणि लोक बरे होतात. जावयांना आजच्या आज कळवा.” त्यांनी खिडकीखालून एक चिठ्ठी सरकवली. तारेचा मजकूर त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवला होता. लीनाला क्षणभरही एकटी सोडू नका. आजच डॉक्टरकडे न्या. तिच्या मावशीनं बाळंतपणानंतर जीव दिला होता. आई.

शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. “ही ओळ ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ती असली तर डॉक्टर ऐकतील.”

बाहेर बाबारावांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. मिळाला, एवढं सांगून बाई पुढे चालू लागल्या. तारघरात फॉर्मवर मजकूर उतरवायला बाबारावांनीच पेन हातात घेतलं. तिसऱ्या ओळीपाशी पेन थांबलं. त्यांनी ती ओळ ओठ हलवत वाचली, आणि मग पुन्हा वाचली.

“वहिनी, धुरपताबाईचा तं पाय घसरला होता.”

“नाई.”

बाबारावांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली. “काऊन सांगितलं नाई कधी? दादालेही नाई?”

“सांगितलं असतं तं लीनाचं लग्न झालं असतं काय, भाऊजी?”

बाबारावांनी ती ओळ उतरवली, एकेक अक्षर सुटं आणि ठळक, आणि तार तातडीची करून पाठवली.

त्यानंतर तिकीट येऊन विमानात बसेपर्यंत नऊ दिवस गेले. उलट तार आली नाही. बाईंनी तारघरात दोनदा चौकशी केली. तार पोचली असेल, म्हणाले, न पोचल्याचं तरी कळवलेलं नाही. विमानात त्यांनी काही खाल्लं नाही. शेजारच्या माणसानं पट्टा बांधून दिला तेव्हा त्यांनी त्याचे आभारही मानले नाहीत. क्लीव्हलंडला उतरून त्या काचेच्या मोठ्या दारातून बाहेर पडल्या आणि गर्दीत केशवराव दिसले. एकटेच होते. दाढी वाढलेली होती.

बाई जागच्या जागी थांबल्या. मागून येणारी माणसं त्यांना वळसा घालून जाऊ लागली. केशवरावांनी जवळ येऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पहिलं वाक्य बोलले ते हेच, “आहे, आई. दवाखान्यात आहे. बरी आहे.”

गाडीत त्यांनी सांगितलं. तार आली तेव्हा ते कामावर निघाले होते. बूट घालून झाले होते. ते गेले नाहीत. “दुपारी लीना...” ते म्हणाले आणि त्यांनी गाडीची काच खाली केली. पुढचं त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि मनकर्णाबाईंनीही विचारलं नाही. डॉक्टरांना त्यांनी तार दाखवली. डॉक्टरांनी ती दोनदा वाचली आणि लीनाला त्याच दिवशी ठेवून घेतलं. त्या धावपळीत उलट तार करायचं राहूनच गेलं.

लीना बरी झाली, पण पटकन नाही. तीन आठवड्यांनी ती घरी आली तेव्हा गोळ्यांनी तिचा चेहरा सुजलेला होता आणि ती हळू चालायची. बाई तिच्या सावलीसारख्या राहिल्या. मोरीच्या दाराला आतून कडी लावू द्यायच्या नाहीत. सुऱ्या उंच फळीवर ठेवल्या. लीना झोपली की या खुर्ची घेऊन दारात बसायच्या. रात्री दोन तास झोप मिळाली तर मिळाली. बाळाला त्यांनीच न्हाऊ-माखू घातलं. आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई यायच्या, लीनाशी बोलायच्या, आणि निघताना बाईंच्या खांद्यावर हात ठेवून काही तरी म्हणायच्या. केशवराव सांगायचे, तुम्हीही जरा झोपा म्हणतायत.

जुलैच्या अखेरीस एका दुपारी बाईंना खुर्चीतच झोप लागली. जाग आली तेव्हा घरात आवाज नव्हता. पलंग रिकामा. पाळणा रिकामा. मोरी पाहिली, माळा पाहिला. पुढचं दार उघडं होतं.

त्या अनवाणी धावल्या. हिरवळीवरून, मग रस्त्यावरून. पदर कुठे, कशाचंही भान नव्हतं. तोंडातून हाक फुटत नव्हती. दोन घरं मागे टाकल्यावर कोपऱ्यावर त्यांना लीना दिसली. कडेवर बाळ, दुसऱ्या हातानं ती रस्त्याकडच्या निळ्या टपालपेटीचं झाकण लावत होती. ती वळली, आणि आईला पाहून तिचे डोळे मोठे झाले.

“आई, काय झालं? काकाले पत्र टाकायले आली होती. तू झोपली होती म्हणून उठवलं नाई.”

बाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या. दगड उन्हानं तापलेला होता. लीना बाळाला सावरत त्यांच्या शेजारी टेकली.

“घाबरली काय तू?”

“हो,” बाई म्हणाल्या. “लई घाबरली.”

समोरून एक मोटार हळू झाली, आतल्या म्हाताऱ्यानं काच खाली करून काही हवंय का असं विचारलं. लीनानं हसून हात हलवला, नको म्हणून. मोटार निघून गेली. बाळानं मनकर्णाबाईंच्या बांगडीला हात घातला आणि ती तोंडाकडे ओढू लागलं. “तिले भूक लागली,” लीना म्हणाली, आणि उठायला तिनं आईपुढे हात केला.